झोळी आणि बाराचा पाढा

अगं, लेक तान्ही होती तेव्हा मी तिला शाळेतच न्यायचे. सासूबाई शेतावर, हे पुण्याला नोकरीला, ठेवणार कुणाकडे? वर्गातच झोळी बांधली. हात फळ्यावर, कान झोळीकडे, जिवाला स्वस्थता म्हणून नाही. त्यात एकदा तपासणीला साहेब आले आणि पोरांना म्हणाले, “अगदी शांत बसा.”

वर्ग शांत झाला आणि लेकीनं भोकाड पसरलं. म्हटलं, झाली आपली बदली आहुप्याच्या डोंगरात. तेवढ्यात पोरांनी न सांगताच बाराचा पाढा सुरू केला. लेक गप्प.

साहेब चिडले. “शांत बसा म्हटलं ना?”

पुढची पोरगी उठून म्हणाली, “सायेब, आमी गप बसलो की ती उठती.”

साहेबांनी झोळीकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, “बरं, तेराचा येतो का?”