रक्ताचं नातं

तुरुंगाच्या भेटीच्या रांगेत शिंपीण नवऱ्याचे धुतलेले कपडे पोटाशी धरून उभी होती. तिच्या पुढे दोघी नणंद-भावजय होत्या. शिंपिणीनं मुद्दाम कान दिला नव्हता, पण रांगेत डोळे मिटता येतात, कान मिटता येत नाहीत.

“वहिनी, अजूनही घरी चला. आपल्या पोरीचा गळा दाबून खून केला त्यानं, आणि त्याच्यासाठी स्वेटर?”

“थंडी पडलीय, वन्सं.”

“कुडकुडू दे की मेल्याला.”

“मलाही तेच वाटतं.”

“मग विणलात कशाला?”

“शेजाऱ्यावर प्रीती कर, असं सांगितलंय. दर रविवारी चर्चमध्ये माना डोलावतोच ना आपण?”

“तो शेजारी कुठला? वैरी आहे.”

“वैऱ्याचंही सांगितलंय.”

“आणि येते का प्रीती?”

“नाही येत. गळा तर इतका घट्ट विणला होता की डोकंच गेलं नसतं. उसवला, पुन्हा सैल विणला. प्रीती आपसूक येत असती, तर प्रभूनं आज्ञा कशाला केली असती?”

खिडकी आली. आतल्या शिपायानं मान वर न करता विचारलं,

“कोणाला भेटायचंय?”

वहिनीनं नाव सांगितलं. दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा ते त्याला ऐकू आलं.

“नातं?”

“शेजारी.”

“शेजाऱ्यांना भेट नाही, बाई. रक्ताचं नातं लागतं.”

वहिनीनं स्वेटरची घडी पुन्हा नीट केली.

“मग रक्ताचंच लिहा.”