विहिरीवरचा ठेका

तेरच्या थांब्यावर धाराशिवच्या गाडीचा पत्ता नव्हता, तेव्हा शिवरंजनीनं कान शेजारच्या काका-पुतण्याकडं लावले. जळालेली मोटार पोत्यात घालून पायाशी ठेवलेली, आणि काकांच्या कानाला पुतण्याचे हेडफोन.

“कसा वाटला माझा टेक्नो अल्बम, काका?”

“आधी वारं सुटल्यागत गार वाटलं. मग ही खडखड कसली?”

“त्याच ठेक्यावर तर नाचायचं! आपल्या विहिरीवरची मोटार हाय ती, दिवाळीत रेकॉर्ड केलेली.”

“आरं, ही तर बेअरिंग गेल्याची खडखड! तवाच का न्हाय सांगितलंस?”

“तुम्ही लगेच दुरुस्त केली असती. अल्बम अर्धाच झाला होता.”

“आन् आज आपणहून मोटार उचलू लागायला आलास, ते?”

“वायंडिंगच्या दुकानात लई भारी आवाज मिळतात, काका.”