कमळाताईंची शतावरी

झाशीच्या रेल्वे दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर दोन शेजारणी नंबराची वाट बघत होत्या.

"शकुंतलाबाई, तुमची शोभेची शतावरी अजून हिरवीच?"

"हो, इंदूताई. तुमची?"

"वाळली. कमळाताईंच्या यजमानांची बदली झाली तेव्हा त्यांनी एकच गड्डा चिरून दोघींना दिला. चांगली मुळं तुमच्याकडे गेली."

"तुम्ही उन्हात तर नाही ना ठेवलीत?"

"झाडाला ऊन नको?"

"इथल्या उन्हाळ्यातल्या गरम वाऱ्याची लू सोसत नाही तिला. झाडाचा गमला सावलीत ठेवायचा, पानांवर पाणी शिंपडायचं. कमळाताई सांगून गेल्या."

"तुम्हाला सांगून गेल्या."

"आणि तुम्हाला?"

"मला म्हणाल्या, काही अडलं तर शकुंतलाला विचार."

"मग विचारलंत का नाही?"

"जा, कंपाउंडर भैयांनी हाक मारली. तीही आधी तुम्हालाच."