कानावरची अर्धी बिडी

जन्म माहा चांदूर बाजारचा, पन सारी जिंदगी गेली धामणगाव रेल्वे या गावाले, कापसाच्या जिनिंगमंदी. हमाल म्हनून लागलो अन् मुकादम झालो. वासुदेव मुकादम म्हनत मले. बिडी तर मिसरूड फुटाच्या आधीपासून, दिवसाले दोन बंडल, बायको म्हने तुमच्यापरीस चुलीले धूर कमी.

ती सुटली कशी ते पयले सांगतो, कारन तुमी पेपरासाठी तेच इचारलं, लोकंही तेच इचारतात. दोन वर्सापयले मले जिना चढताना दम लागाले लागला. माही पोरगी सुनंदा अमरावतीले असते, तिनं मले एका संमोहनवाल्या डॉक्टरीनबाईकडं नेलं. मले वाटलं लिंबू फिरवन, डोळ्यापुढं काहीतरी लटकवन. तसं काही नाही. बाईनं खुर्चीवर रेलवलं, म्हने आजोबा, डोळे मिटा, हात जड होऊन राहिला असं समजा. अन् खरंच जड झाला. मंग म्हने, तुमी जिंदगीत घेतलेला सगळ्यात वाईट वास आठवा. मी म्हनलं, कापूस जळल्याचा. तिनं काहून म्हनून इचारलं नाही. म्हने, आता बिडी तोंडात धरली का हाच वास येईन. चार खेपा गेलो. काय सांगू तुमाले, घरी येऊन बिडी पेटवली अन् अंगनातच वकलो. तवापासून बंद. सुनंदा चार लोकाईत सांगे, आमच्या बाबानं मन घट्ट केलं. मी आयकून घेवो. पन तो वास बिडी सोडूनही येत राहिला, जेवतानी, भजनात, नात मांडीवर बसली तरी.

आता त्या वासाचं. जिनिंगात बिडीले सक्त मनाई. फाटकावर डबा होता, आत जातानी ज्यानं त्यानं बंडल अन् माचिस त्यात टाकाची, मीच खिसे चाचपो. पन मुकादमाचे खिसे कोन चाचपन? एक सूट होती फक्त. दुपारी बाहेर बिडी अर्धी पिऊन इझवाची अन् उरलेली कानावर खोचून आत यायचं. इझलेली हाय म्हनून कोनी काही बोले नाही.

लई वर्सं झाली, एक दिवस मी कापसाच्या गंजीमागं जाऊन बिडी पेली. थोटूक पायाखाली चेंदलं असं मले वाटलं. कापसाची आग वरून दिसत नाही, आतल्या आत धुमसते. घंट्याभरानं गंजीतून धूर निंगाला. सारे धावले, बादल्या घेऊन, ओल्या पोत्याईनं झोडपत. मानसं वाचली, गंजी गेली. मालक आला अन् मलेच इचारलं, मुकादम, कोन होता इथं? अन् माह्या तोंडातून निंगालं, देवरावच्या कानावर अर्धी होती, आता दिसत नाही.

देवराव माहा दोस्त, माह्याच टोळीतला. त्यानं कान चाचपला. बिडी नव्हती. धावपळीत पडली असन कुठं तरी. त्यानं मालकापुढं मान खाली घातली. मी त्या मान घालन्याले कबुली समजून घेतलं, कारन मले तसं समजाचं होतं. त्याले काढलं. दुसऱ्या जिनिंगवालेही घेत नव्हते, आगलाव्या म्हनत. तो बायकोले घेऊन अकोल्याले गेला अन् तिथं रिक्षा ओढली.

यंदा संक्रांतीनंतर मी अकोल्याले गेलो, पत्ता इचारत इचारत. देवराव बाजेवर बसून तुरीच्या शेंगा सोलून राहिला होता. म्हने, या मुकादम, बसा, हात चालवा. शेंगा सोलता सोलता मी सारं सांगतलं. त्यानं हातातली शेंग सोलून घेतली. मंग म्हने, वासुदेवा, मी त्या दिवसापासून बिडीले हात नाही लावला. मले वाटे, माहीच इझली नसन बराबर, कानावरून माहीच पडली. बायको मरेपर्यंत म्हने, तुमी नाही लावली आग. अन् मीच तिले म्हनो, लावली असन.

मी त्याचे पाय धराले गेलो तं त्यानं पाय वर घेतले बाजेवर. म्हने, इथं एकट्यात सांगून काय होते? ज्याईच्या पुढं माहं नाव घेतलं, त्याईले जाऊन सांग.

मालक कवाच वारला, अन् मी अन् देवराव सोडून आमच्या टोळीतले आता दोघंच हयात हायत. एकाले सांगतलं, तो म्हने सोड ना बावा, जुनं झालं. मी म्हनलं, देवरावसाठी जुनं नाही झालं. दुसरा रामदास, तो मागच्या बुधवारी भेटला. त्याले आता आयकू येत नाही. मी कानापाशी तोंड नेलं, तो म्हने, आं? मोठ्यानं बोल. मंग मले त्याच्या दारात उभं राहून ओरडा लागलं, आग देवरावनं नाही लावली, मी लावली, मी वासुदेवनं. शेजारच्या बाया भांडे टाकून बाहेर आल्या. रामदास म्हने, कोनं? मी पुन्हा ओरडलो.

सुनंदाले रातच्याले फोनवर सांगतलं. तवापासून तिचा फोन नाही. येईन तवा येईन. तुमी लिवा, पन बिडी कशी सोडली एवढंच नका लिवू. देवराव सुखी राहो, त्याले अजून तुरी सोलता येतात, नजर शाबूत हाय. हे छापलं का पयला कागद त्यालेच नेऊन देजा.