आता एकच बटण

बाबांचं कानाचं मशीन परत करायला मी राइट टाउनच्या दवाखान्यात बसले होते. काउंटरवरच्या मुलीसमोर एक वयस्कर गृहस्थ मोबाइल धरून उभे होते.

"अंकलजी, नंबर ऑनलाइनच लागतो. ते बटण दाबा."

"काहून दाबू? ते 'प्रतिमा म्हणून पुढे जा' म्हणून राहिलं."

"मग जा ना पुढे."

"मी प्रतिमा दिसून राहिलो का, दीदी? फोन बायकोचा आहे. मागच्या वेळी चार बटणं होती. मी मोबाइल नंबरवालं दाबलं होतं."

"लोक कन्फ्यूज व्हायचे, म्हणून एकच ठेवलं. आता आसान झालं."

"हो, आसान तर झालं."

"आंटीजींना सोबत आणा, त्या लावून देतील."

"ती होळीच्या आधीच गेली."

"सॉरी, अंकलजी. मग फोनमधून त्यांचं खातं काढा, तुमचं जोडा. दो मिनट लगेंगे."

"तिचे फोटो त्यातच आहेत. परत पाहिजे असले तर?"

"पासवर्ड टाकायचा."

"तो तिलाच माहीत होता."

"तर मग नंबर त्यांच्याच नावानं लागेल. चलेगा?"

"चालते. फक्त नाव जोरात पुकारजा. मला दुरून ऐकू येत नाही."