कात्रीसाहेबांचं सील

तुम्हीच ना ते, पुढे पाठवलेल्या मेलचा खरेपणा तपासायचे नियम लिहिणारे? बसा. चाचणीत नेमका तोच मेल कसा सापडला, हेच विचारायला आलात ना— सांगते की. अहो, कारखान्याचे सगळे मेल आधी माझ्याकडे, मी ते मुख्य कारकुनांना पाठवायचे, ते पुढे खात्यांना. कात्रीसाहेब म्हणतो आम्ही त्यांना— पुढे पाठवताना ओळी छाटायची खोड, म्हणे लोकांना वाचायचा कंटाळा. तीन वर्षांपूर्वी पुरवठादारानं कळवलं, पट्टा सदोष आहे, यंत्र चालवू नका. ती ओळ यांनी छाटली. माझ्या भावजींची, ताईच्या नवऱ्याची, दोन बोटं गेली. आणि चौकशीत हे काय म्हणाले? बाईंकडून मेल असाच आला. मी माझी प्रत दाखवली, तर म्हणाले, ती काय, मागाहूनही लिहिता येते. झालं. ताई तेव्हापासून मला बघितलं की रस्ता ओलांडते— सख्खी बहीण.

मग तुम्ही आलात. म्हणालात, मेल ज्या ज्या टेबलावरून पुढे जाईल तिथं आपोआप सील बसेल, मजकुराला कुठं हात लागला ते दिसेल. तीन वर्षांत पहिल्यांदा मला जेवण गोड लागलं. वाट बघत बसले. चाचणीच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी तोच पुरवठादार, तीच सूचना— पट्टा सदोष. पाठवला मी. आणि त्यांनी छाटली हो, सवयच ती! लगेच माझ्या पडद्यावर आलं— मजकूर बदलला, मुख्य कारकुनांच्या टेबलावर. डोळे भरून बघत बसले मी.

काय म्हणालात? फोरमनला फोन? होता की फोन, हा काय, शेजारीच. पण मग ते काय म्हणाले असते— चुकून झालं, वेळेत निस्तरलं, नुकसान काही नाही. सुटले असते परत. म्हटलं, तुमचा चाचणीचा अहवाल येऊ दे आधी, मग करू... हे लिहू नका. लिहिलंत? असू दे.

भावजी आता गेटवर बसतात, यंत्रावर दुसराच कोणी होता, मी त्याला कधी बघितलंही नव्हतं. उठा तुम्ही आता, मला मेल बघायचेत. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला यंत्र सुरू झालं, सव्वानऊला पट्टा तुटून त्या माणसाचा हात गेला, आणि दहाला तुमचा अहवाल आला.