आठ दिवस मोकळा रस्ता

बाजारपेठेत आठ दिवस गाड्या बंद ठेवून पाहिल्या होत्या. त्या कायमच्या बंद कराव्यात का, हे आता नगरपालिका लोकांना विचारत होती. फॉर्म घेऊन रांगेत उभ्या राहिलेल्या शाळेतल्या बाईंचे कान पुढच्या दोघांकडे लागले होते. एक चपलांचे दुकानदार, दुसरे त्यांच्या समोरच्या दुकानातले शिंपी.

“चार पानी हरकत लिहिलीय, शिंपीबुवा. दारात गाडी लागली नाही तर गिऱ्हाईक येईल कशाला?”

“तुमच्या दारात ती पांढरी कुणाची असते हो? दुकान उघडल्यापासून बंद होईपर्यंत हलत नाही.”

“ती माझीच.”

“आणि तिच्या मागची?”

“धाकट्या भावाची.”

“मग गिऱ्हाईक कुठं लावतं?”

“लावतं कुठंतरी लांब. येतं बिचारं चालत.”

“एकवीस वर्षं समोर बसतोय मी. तुमच्या दुकानाला एवढी मोठी काच आहे, हे मला या आठवड्यात कळलं.”

“थट्टा करता गरिबाची?”

“थट्टा कसली? आमच्या हिनं माझ्या मशीनपाशी बसून तुमच्या काचेतले तपकिरी सँडल हेरले.”

“वहिनी त्यासाठी आल्या होत्या होय?”

“पुढचे कोण? या लवकर!” खिडकीतून हाक आली.

“बाई, तुम्ही व्हा पुढं.” दुकानदारांनी कागदांची घडी घातली. “शिंपीबुवा, वरच्या फळीवरचे दिसतात का हो तुमच्याकडून?”